३८ रुपये किलोच्या हिशेबात जे राहून गेलं

वाचकाचं पत्र:
सर, मी जयसिंगपूरची, वय २६. जैवतंत्रज्ञानात एम.टेक. केलं. प्रबंधासाठी ५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवणीच्या टाकीत, उसाच्या मळीपासून लॅक्टिक ॲसिड केलं. ४८ तासांत लिटरला ८० ग्रॅम मिळतं, खपलेल्या साखरेवर उतारा ०.८५ येतो. किलोचा उत्पादनखर्च ३८ रुपये निघाला: मळी २३.५०, पोषकद्रव्यं ३, चुना ३.५०, वीज ४, मजुरी ४. एका व्यापाऱ्यानं शुद्ध ॲसिडाच्या हिशेबानं ११५ रुपये भाव सांगितला. वर्षाला १,००० टनांचा कारखाना टाकला तर ७ कोटी ७० लाख सुटतात. यंत्रांचं कोटेशन ५ कोटींचं आहे. मामा शिरोळ तालुक्यातली बागायत जमीन तारण ठेवायला तयार आहेत, उरलेलं कर्ज काढू. दुसरीकडे पुण्यातल्या एका कंपनीत डाऊनस्ट्रीम विभागात, म्हणजे आंबवणीनंतर माल वेगळा करून शुद्ध करतात तिथे, नोकरी मिळाली आहे, महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. माझा हिशेब बरोबर आहे ना? तुम्ही मला अरे-तुरेच करा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

उत्तर:

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता तीनदा वाचला. सगळ्यात आधी मामांचं सांगतो, कारण तिथे उशीर परवडणार नाही. या तक्त्याच्या भरवशावर त्यांना जमीन तारण ठेवू देऊ नकोस. बँकेकडे अर्ज गेला असेल तर थांबव. का ते आता सविस्तर सांगतो, आणि वाचताना तुझा तक्ता समोर ठेव.

तू जे मोजलंस ते नीट मोजलंस, आणि पदार्थही विचार करून निवडलास. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबलं की लॅक्टिकही १८० ग्रॅमच मिळतं, निदान कागदावर तरी. वायू होऊन काही उडून जात नाही. इथेनॉलमध्ये १०० किलो ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ५१ किलो हाती लागतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड. शिवाय तुझ्या जिवाणूंना हवा लागत नाही. पेनिसिलिनसारखं हवेवर चालणारं काम असतं तर खपलेल्या ऑक्सिजनच्या दर मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता टाकीतून बाहेर ओढावी लागली असती आणि कॉम्प्रेसर, चिलर यांनीच तुझा तक्ता भरला असता. त्यातून तू सुटलीस. मळीवर ०.८५ उतारा हाही चांगला आकडा आहे.

आता मला सांग, हे ३८ रुपये नेमके कशाचे? फर्मेंटरमधून नमुना काढलास, गाळलास, एचपीएलसीवर, म्हणजे द्रवात कोणता पदार्थ किती ते मोजणाऱ्या यंत्रावर, घातलास, पडद्यावर शिखर उमटलं, त्याखालचं क्षेत्रफळ ८० ग्रॅम म्हणालं. ते ८० ग्रॅम काळपट, मळीचा वास येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम लॅक्टेट म्हणून विरघळलेले आहेत. तुझ्या व्यापाऱ्याला हवंय ८८ टक्क्यांचं, पाण्यासारखं नितळ लॅक्टिक ॲसिड, ड्रममध्ये, सील लावून. या दोन गोष्टींच्या मधला सगळा रस्ता तुझ्या तक्त्यात नाही. मी ३१ वर्षं आंबवणीच्या कारखान्यांत काम केलं, तरुण मुलांचे असे पुष्कळ तक्ते पाहिले, आणि जवळजवळ प्रत्येकात हाच रस्ता गायब असतो. कारण प्रयोगशाळेत तो रस्ता चालावाच लागत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हे की हिशेब शेवटून मांड. फाटकातून बाहेर जाणाऱ्या ड्रमपाशी उभी राहा आणि तिथून एकेक पायरी मागे चालत ये.

ड्रमच्या मागे बाष्पीभवन, त्याच्या मागे आयन एक्स्चेंज (रेझिनच्या मण्यांवर क्षार पकडणं), त्याच्या मागे कार्बन (रंग शोषून घेणं), त्याच्या मागे सल्फ्युरिक ॲसिड घालून चुना वेगळा काढणं, आणि सगळ्यात मागे पेशी गाळणं. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं लॅक्टिक मागे राहतं. मी पायरीपायरीला ९७, ९२, ९७, ९५ आणि ९७ टक्के धरले. हे मनाचे आकडे आहेत, पण उदार आहेत. गुणाकार कर: जेमतेम ८० टक्के. म्हणजे १ किलो विकायचं तर फर्मेंटरमध्ये १.२५ किलो तयार व्हायला हवं. तुझा प्रत्येक कच्चा माल इथेच सव्वापट झाला.

मळीचंच बघ. तू ५० टक्के साखर धरलीस. ती टोटल रिड्यूसिंग शुगर, म्हणजे चाचणीत मोजली जाणारी एकूण साखर, आणि त्यातली सगळी आंबत नाही. ४५ धर. १.२५ किलोसाठी ०.८५ उताऱ्यानं १.४७ किलो साखर लागते, म्हणजे ३.२७ किलो मळी. तुझाच १० रुपयांचा भाव लावला तरी २३.५० चे ३२.७० झाले.

आता चुना, आंबताना तयार होणारं आम्ल पकडून ठेवणारा. दर किलो लॅक्टिकला ०.४१ किलो विझवलेला चुना लागतो, हे तू बरोबर काढलंस. पण तो चुना परत काढायला किलोमागे ०.५४ किलो सल्फ्युरिक ॲसिड लागतं, ते तुझ्या तक्त्यात कुठेच नाही. आणि त्या दोघांचं जिप्सम होतं ०.९६ किलो. नीट वाच: जवळजवळ जितकं लॅक्टिक, तितकंच जिप्सम. तुझ्या १,००० टनांच्या कारखान्यातून वर्षाला सुमारे १,२०० टन कोरडं जिप्सम निघेल, आणि ते कोरडं कधीच निघत नाही. फिल्टर प्रेसमधून उतरतं तेव्हा त्यात ३० टक्के पाणी धरलं तर १,७०० टन. रोज ५ टन ओला, तपकिरी, मळीच्या रंगाचा चिखल. तो सिमेंटवाला घेईल का, फुकट घेईल की वाहतुकीचे पैसे मागेल, पावसाळ्यात चार महिने कुठे ठेवशील, याची उत्तरं कोटेशनमध्ये नसतात.

फिल्टर प्रेसमध्ये कापडावर दाबून उरणाऱ्या या चिखलाच्या वडीला केक म्हणतात. त्याची एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी अशाच एका कारखान्यात होतो, तिथेही चुन्यानं आम्ल पकडून सल्फ्युरिकनं सोडवायचे. फिल्टर प्रेसवर एक जुने ऑपरेटर होते. प्रेस उघडली की ते केकचा तुकडा मोडायचे, आतली ओली बाजू पीएचच्या कागदावर दाबायचे आणि कागद लाल झाला की मला दाखवायचे, "साहेब, हे बघा, माल चाललाय ढिगाऱ्यावर." त्यांचं खरं होतं. केक धुतला नाही तर आम्ल केकबरोबर जातं. म्हणून आम्ही धुण्याचं पाणी वाढवलं आणि वसुली सुधारली. पण ते सगळं पाणी पुढे बाष्पीभवनाच्या यंत्रावर गेलं, आणि ते यंत्र डिझाइन करताना धुण्याचं पाणी कोणी धरलेलंच नव्हतं. यंत्र पुरेना. मधल्या टाक्या भरल्या, मग तयार झालेली बॅच फर्मेंटरमध्येच थांबायला लागली, आणि थांबलेल्या बॅचमध्ये दुसरे जंतू शिरले. दोन महिने आम्ही फर्मेंटेशन विभागाला दोष देत होतो. खोट निघाली ड्रॉइंगवरच्या एका प्रवाहात, जो लिहायचा राहिला होता.

तेव्हा केकला किती पाणी लावायचं हा किरकोळ प्रश्न समजू नकोस. एका बाजूला वाया जाणारं आम्ल, दुसऱ्या बाजूला जाळावी लागणारी वाफ. प्रक्रियेचं डिझाइन म्हणजे अशा जागा शोधणं आणि दोन्ही बाजूंना रुपये लिहिणं.

वाफेचंच घे. लिटरला ८० ग्रॅम म्हणजे तुझ्या १.२५ किलोभोवती साडेपंधरा लिटर पाणी आहे. केक धुण्याचं ३ लिटर मिळव. ८८ टक्क्यांच्या ॲसिडात शेवटी राहतं जेमतेम १४० मिलिलिटर. म्हणजे विकलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण १८ लिटर पाणी उडवायचं. एकाच भांड्यात उडवलंस तर २० किलो वाफ लागेल. किलोला २ रुपये धरले तर ४० रुपये झाले, म्हणजे तुझ्या सगळ्या ३८ रुपयांहून जास्त, निव्वळ पाणी उडवायला. एकातली वाफ दुसऱ्याला देणारी तीन भांडी लावली तर सात-सव्वासात किलोवर येतं, १४.४० रुपये. साखर कारखान्यात उसाचा रस ज्या तऱ्हेनं आटवतात तीच ही तऱ्हा. तुझ्या घराजवळच्या कोणत्याही कारखान्यात जाऊन ती भांडी बघ, पण त्यांची किंमतही विचारून ये.

इथे तुला वाटेल, मग ८० चे १२० ग्रॅम केले की झालं. हो, काही अंशी. पाणी १८ लिटरांवरून १३ वर येतं, टाक्याही लहान लागतात. पण आम्ल वाढलं की जिवाणू मंदावतात, वेळ वाढतो. शिवाय एवढं कॅल्शियम लॅक्टेट असलेला द्रव गार झाला की खडे धरतो. रात्रपाळीत पंप बंद राहिला आणि सकाळी पाइपात साखरेच्या पाकासारखं घट्ट काहीतरी बसलेलं, हे मी पाहिलं आहे. म्हणजे पाइपांना गरम ठेवण्याची सोय धरावी लागेल. तरीही १२० च्या दिशेनं जाण्यात तुझा फायदाच आहे, तो प्रयोग कर.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेला आकडा: पोषकद्रव्यं, ३ रुपये. तुझ्या प्रबंधाच्या पानावर माध्यमात लिटरला ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आहे. लॅक्टिकचे जिवाणू खाण्यापिण्याच्या बाबतीत फार लाडावलेले, त्यांना अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं आयती हवीत, म्हणून आपण ते घालतो. विकलेल्या १ किलोमागे साडेपंधरा लिटर, म्हणजे ७८ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. किलोला ३०० रुपये धरले तरी २३ रुपये! तुझे ३ रुपये कुठून आले ते मला कळलं नाही. बहुतेक मळीत पोषण आहेच असं धरून तू तो आकडा नुसता लिहिलास. मळीत थोडं आहे, पण तुझे ८० ग्रॅम आले ते यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालून. एका प्रयोगातला उतारा आणि दुसऱ्या माध्यमाचा खर्च, हे एका ओळीत बसवता येत नाही.

यावर उपाय मात्र तुझ्या दारातच आहे. डिस्टिलरीत टाकीच्या तळाला बसणारा यीस्टचा गाळ असतो, तो गरम करून स्वतःच्याच एन्झाइमांनी विरघळू दे आणि त्याचं पाणी वापरून बघ. मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं कॉर्न स्टीप लिकर, म्हणजे मका भिजवून उरलेलं पाणी, बघ. १९४० च्या दशकात अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेनं पेनिसिलिनचं उत्पादन अनेक पटींनी वाढवलं ते याच टाकाऊ द्रवानं. तुझा उतारा थोडा उतरेल, वेळ थोडा वाढेल, पण २३ चे ५ झाले तर बाकी सगळं माफ. हा प्रयोग आधी कर, १२० ग्रॅमचा नंतर.

टाक्यांच्या आकाराबद्दल थोडक्यात. तू ४८ तासांची बॅच धरून ७६ घनमीटर काढलेस. पण बॅच संपली की टाकी रिकामी करायची, धुवायची, वाफेनं निर्जंतुक करायची, गार करायची, भरायची, विरजण लावायचं. त्याला आणखी २४ तास धर. वसुली ८० टक्के, टाकी ८० टक्केच भरायची. मग १७८ घनमीटर होतात, ६० घनमीटरच्या तीन टाक्या. आणि ६० घनमीटरला विरजण ५ लिटरच्या भांड्यातून लागत नाही: ६०० लिटर, मग ६ घनमीटर, अशी साखळी उभी करावी लागते, तिचीही किंमत आणि तिचाही एक माणूस.

कोटेशनच्या ५ कोटींकडे येऊ. ती नुसती यंत्रं, ट्रकमधून उतरवलेली. पाया, शेड, पाइप, झडपा, केबल, उपकरणं, बॉयलरची जोडणी, इंजिनिअरची फी, चाचणीत वाया गेलेला माल, हे सगळं त्यावर. हान्स लँग नावाच्या इंजिनिअरनं १९४० च्या दशकात बरेच कारखाने तपासून ठोकताळे काढले: यंत्रांच्या किमतीला घन-द्रव मिश्र कारखान्यात ३.६३ नं आणि निव्वळ द्रवाच्या कारखान्यात ४.७४ नं गुणा, की उभ्या कारखान्याची किंमत येते. आपल्याकडे मजुरी स्वस्त म्हणून मी अशा कामाला ३ धरतो. झाले १५ कोटी. व्याज, परतफेड आणि झीज मिळून वर्षाला १५ टक्के धर, म्हणजे सव्वादोन कोटी. १० लाख किलोवर विभागले की किलोला २२.५०. तुझ्या तक्त्यात भांडवलाची ओळच नव्हती, जणू कारखाना कोणी आंदण दिलाय.

मजुरीही बघ. कारखाना २४ तास चालतो. एका जागेवर एक माणूस बसवायला सुट्या आणि रजा धरून चार-पाच माणसं लागतात. २४ माणसं, महिन्याला सरासरी २५ हजार, म्हणजे किलोला ७.२०. उरलेलं मी भराभर लिहितो: चुना आणि सल्फ्युरिक १२, कार्बन आणि रेझिनची रसायनं ६, वीज-पाणी ५, सांडपाणी आणि जिप्सम ६, दुरुस्ती आणि विमा ६. सगळ्यांची बेरीज १३५ रुपये येते. भाव ११५.

यातला प्रत्येक दर तू आजचं कोटेशन घेऊन बदल. अशा पहिल्या अंदाजात ३०-४० टक्के इकडेतिकडे होणारच, आणि मी १३५ वर पैज लावणार नाही. पण ३८ आणि १३५ मधलं अंतर त्या चुकीत बसणारं नाही. किलोमागे ७७ रुपये सुटण्याऐवजी २० रुपये जातील, वर्षाला २ कोटी. मामांची जमीन पहिल्या वर्षातच अडकली असती.

हे वाचून काम सोडू नकोस. तक्ता आपल्याला घाबरवायला नसतो, पुढचा प्रयोग कोणता करायचा ते सांगायला असतो. प्रत्येक आकडा एकेक करून २० टक्के वर-खाली करून बघ आणि बेरीज किती हलते ते लिही. विजेचा दर हलवलास तर रुपया हलेल. वसुली ८० ची ९० केलीस तर मळी, पोषण, चुना, आम्ल, वाफ, जिप्सम सगळं एकदम खाली येईल. म्हणजे तुझे सहा महिने कुठे घालायचे ते ठरलं. सुपरप्रो डिझायनरसारखं सॉफ्टवेअर कॉलेजात असेल तर वापर, नसेल तर बायोस्टीम फुकट मिळतं. पण आधी एकदा हातानं, वहीत, प्रवाहांना क्रमांक देऊन लिही. सॉफ्टवेअरला केक धुण्याचं पाणी सांगितलं नाही तर तेही विचारत नाही.

एक गोष्ट मुद्दाम तपासायला सांगतो, कारण ती सहसा कोणी तपासत नाही. मळी स्वस्त म्हणून तू मळी घेतलीस. पण मळीतला रंग, पोटॅशियम, कॅल्शियम, न आंबणारी साखर हे सगळं विकत घेऊन तू नंतर पैसे देऊन बाहेर काढतेस. साधी पांढरी साखर घेतली तर? ३८ रुपये किलो धर, उतारा ०.९, वसुली ८८ टक्के. किलोमागे १.२६ किलो साखर, ४८ रुपये. मळीपेक्षा १५ रुपये महाग. पण कार्बन आणि रेझिन कमी, आम्ल-चुना कमी, सांडपाण्याचा रंग कमी, टाक्याही थोड्या लहान, आणि खाद्य दर्जाचं ॲसिड मिळण्याची शक्यता बरीच जास्त. हे १५ रुपये वसूल होतात की नाही ते तुझी वही सांगेल. स्वस्त कच्च्या मालानं महाग माल झालेला मी पाहिला आहे.

मळीची आणखी एक गोष्ट. तिचा भाव तुझ्या हातात नाही, साखर कारखान्याच्याही पूर्ण हातात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं, जानेवारी २०२४ मध्ये मळीच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क लावलं, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुढच्या हंगामासाठी इथेनॉलवरची बंधनं उठवली. नऊ महिन्यांत तीनदा वारं फिरलं. तुझा भाव १० चा १३ झाला तर किलोमागे जवळजवळ १० रुपये वाढतात. शिवाय गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा, तुला मळी वर्षभर हवी, म्हणजे साठवणीची टाकी, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, आणि त्या साठ्यात गुंतलेले दीड-पावणेदोन कोटी. खेळतं भांडवल ही ओळ लिहून ठेव.

आकाराबद्दलही खरं सांगायला हवं. लॅक्टिकसारखा माल लहान कारखान्याला अवघड जातो. क्षमता पाचपट केली की भांडवल पाचपट होत नाही, साधारण ०.६ च्या घातांकानं वाढतं, म्हणजे २.६ पट. १५ कोटींचे ३९ होतात, पण किलोमागचा भांडवली बोजा २२.५० वरून १२ वर येतो. मजुरीही विभागली जाते. हे ३९ कोटी मामांनी घालायचे नाहीत, हे तुलाही पटेल. वाफ, मळी, सांडपाण्याची सोय आणि प्रशिक्षित माणसं आधीच असलेला साखर कारखाना किंवा डिस्टिलरी हे तुझं खरं ठिकाण. त्यांच्याकडे तू तंत्र घेऊन जा, जमीन घेऊन नव्हे. स्वतःचंच काही करायचं असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, त्याला तारण लागत नाही. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात नवउद्योगांना मदत करणारं व्हेंचर सेंटर आहे, तिथे जाऊन बोल. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मळी आणि अल्कोहोलवर आयुष्य घालवलेली माणसं भेटतात, त्यांच्यासमोर तुझे प्रवाहांचे आकडे ठेव.

आणि नोकरी. घे. विचार करायलाही महिनाअखेरची वाट बघू नकोस. तुझ्या तक्त्यात जो रस्ता नव्हता तोच रस्ता तुला पगार देऊन शिकवणार आहेत. पहिले सहा महिने कंटाळवाणे जातील, फिल्टरचे कापड बदलणं, रेझिनचे कॉलम धुणं, रात्रपाळीत दाब लिहिणं. ते मन लावून कर. प्रत्येक यंत्राशी उभी राहून ऑपरेटरला विचार की हे कधी अडतं. मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं या एका प्रश्नातून शिकलो.

रुजू होण्याआधी हातात काही आठवडे असतील. तुझ्या मार्गदर्शकांकडून प्रयोगशाळा मागून घे आणि एकच काम कर. २० लिटर द्रव तयार कर आणि त्यातून शेवटपर्यंत जा: गाळ, आम्ल घाल, केक धू, कार्बन लाव, रेझिनमधून काढ, आटव. हाती दीड किलोच्या आसपास ८८ टक्क्यांचं ॲसिड यायला हवं. ते कमी आलं तर किती कमी आणि कुठल्या पायरीला, ते लिही. प्रत्येक पायरीला आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन, धुण्याच्या पाण्यासकट. जिप्समचा केक ओला आणि वाळवून दोन्ही वेळा तोल. आलेल्या ॲसिडाची एक बाटली त्या व्यापाऱ्याकडे घेऊन जा, रंग दाखव आणि मग भाव विचार. एल की डी (एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं), कोणत्या प्रकारचं लॅक्टिक आहे तेही तो विचारेल, त्याची चाचणी करून ठेव.

ती वजनं मला पाठव. तुझ्या खऱ्या वसुलीवर तक्ता आपण पुन्हा मांडू. मामांना माझा नमस्कार सांग. भाचीवर एवढा विश्वास टाकणारी माणसं कमी असतात. त्यांना या पत्रातली बेरीज स्वतः वाचून दाखव, ओळीओळीनं, १३५ पर्यंत.

तुझा,
सल्लागार